ओकच्या कपाटाचं दोन मजली सापघर : कामाच्या नोंदी

१० मे २०२५, शनिवार

कपाट मिळालं. गावातल्या एका धर्मादाय दुकानाच्या मागच्या खोलीत उभं होतं. ओकची चौकट, बाजूंना प्लायवर ओकचा पातळ पापुद्रा, पुढे दोन दारं, खाली पूर्ण रुंदीचा एक ड्रॉवर. किंमत ४० पौंड. आमचं इंग्लंडमधलं हाय विकम हे मुळातच लाकूडकामाचं गाव. भोवतीच्या चिल्टर्न टेकड्यांवर बीचची जंगलं होती म्हणून इथे खुर्च्यांचा धंदा वाढला, आणि इथल्या फुटबॉल संघाला लोक अजून ‘चेअरबॉइज’ म्हणतात. जी-प्लॅन आणि अर्कोल ही फर्निचरवाल्यांची मोठी नावंही इथलीच. जुनं, हाडापेरानं मजबूत सामान बघायला लांब जावं लागत नाही.

घर हवंय ते माझ्या दोन पाळीव, बिनविषारी सापांना, कॉर्न स्नेकना. गेरू ११२ सेंटिमीटरचा नर, भगव्या अंगावर तांबडे पट्टे. राखी १०४ सेंटिमीटरची मादी, करडी-काळी. सध्या दोघंही ९० सेंटिमीटरच्या वेगवेगळ्या काचेच्या टाक्यांत आहेत आणि दोघांनाही त्या आता पुरत नाहीत. शिवाय काचेची टाकी चारी बाजूंनी ऊब बाहेर टाकते. इथल्या हिवाळ्यात हीटर सतत चालतो तरी थंड कोपरा गारठतो. लाकडात ऊब धरून ठेवता येते, आणि तीन बाजू बंद असल्या की साप बिनधास्त राहतो.

कपाट निवडताना मी आधी नाक वापरते, मग डोळे. आज पाहिलेलं पहिलं कपाट दिसायला सगळ्यांत देखणं होतं, पण दार उघडताच डांबरगोळ्यांचा वास आला. नॅफ्थलीन लाकडात मुरतं, आणि सापघर आतून तापवायचं असतं. तापलं की मुरलेला वास बाहेर पडणार. दुसऱ्याच्या तळाशी बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा: लाकूड पोखरणारा किडा. तो मारायला इथे बहुतेक परमेथ्रिन मारतात, तेही सापाच्या घरात नको. तिसऱ्याच्या आत देवदाराच्या फळ्या. कपड्यांना कसर लागू नये म्हणून देवदार चांगला, पण त्यातली सुगंधी तेलं सापांच्या श्वसनाला घातक असतात. चौथं पांढऱ्या रंगाने जाड रंगवलेलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो घासायचा म्हणजे शिशाची धूळ घरभर करायची. तेही सोडलं.

हे पाचवं नुसतं पॉलिश केलेलं, बिनवासाचं, आणि ढकललं तर न करकरणारं.

१७ मे, शनिवार

मापं घेतली. बाहेरून १२४ रुंद, १७८ उंच, ५८ खोल. आतली रुंदी १२०. ड्रॉवरच्या वर मधोमध एक आडवा मजला टाकला की प्रत्येक मजला साधारण १२० लांब, ५४ खोल, ७० उंच. म्हणजे दोघांनाही सरळ ताणून पडता येईल.

हे ताणून पडणं महत्त्वाचं का, ते इथे लिहून ठेवते, कारण घरी येणारे बरेच जण म्हणतात की साप तर वेटोळं करूनच बसतो, त्याला जागा कशाला लागते. लिंकन विद्यापीठात कॉर्न स्नेकवरच यासाठी प्रयोग झाले आणि ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सापांना लहान आणि मोठी अशी दोन्ही घरं मोकळी ठेवली, तर जागे असताना त्यांनी मोठं घर निवडलं. वेटोळं विश्रांतीचं असतं. संध्याकाळी हिंडायची वेळ झाली की गेरू टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काचेला नाक घासत फिरतो, हे रोज डोळ्यांसमोर आहे.

दोघांना एकत्र ठेवणार नाही. कॉर्न स्नेक एकटा राहणारा प्राणी आहे. एकाच उबदार कोपऱ्यावर दोघांचा डोळा असला की दुबळा मागे सरतो, आणि ते शांतपणे होत असल्याने माणसाला कळत नाही. इंग्लंडच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात पाळीव प्राण्याच्या ज्या गरजा मांडल्या आहेत त्यात एक हीच आहे: इतर प्राण्यांबरोबर किंवा त्यांच्यापासून वेगळं ठेवलं जाण्याची गरज. म्हणून दोन मजले, मध्ये एकही फट नाही.

भारतातल्या वाचणाऱ्यांसाठी स्पष्ट सांगते. धामण, नाग, अजगर हे आपले साप घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी. माझे दोघेही इथे, पैदास करणाऱ्याकडे अंड्यातून बाहेर आलेले, जंगलातून पकडलेले नव्हेत. विषारी सापाला इथेसुद्धा १९७६ च्या कायद्याखाली परवाना लागतो.

२६ मे, सोमवार, बँकेची सुट्टी

कपाट गॅरेजमध्ये आडवं घातलं आणि सोलायला घेतलं. आतली हँगरची दांडी, आकडे, टायचा खिळा, आरसा, सगळं काढलं. मग पाठ.

आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. इस्लामपुरात चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. कॅमेरा पाठीवर फिरवल्याबरोबर म्हणाले, “अगं, ही पाठ न्हाई, पुठ्ठा हाय. बोट लावून बघ, आत जातंय का.”

जात होतं. तीन मिलिमीटरचं हार्डबोर्ड, खिळ्यांनी ठोकलेलं, खालच्या कडेला पाण्याने फुगलेलं.

“मग नवी बसवू, आण्णा?”

“आधी पाठ बसव, मग बाकी सगळं. पाठ पक्की असली की कपाट गुण्यात राहतंय. न्हाईतर तुझी काच सरकायची न्हाई.”

अगदी बरोबर. पुढे सरकती काच बसवायची, म्हणजे चौकट गुण्यात, अर्थात काटकोनात हवी. दोन मिलिमीटरचा तिरपेपणा काचेला चालत नाही. बारा मिलिमीटरचा बर्चचा प्लाय आणला. कर्ण मोजले: दोन्ही कर्णांत फरक दिसला, म्हणून सॅश क्लॅम्प (लांब दांड्याचा शिकंजा) तिरका लावून ओढून घेतला, कर्ण सारखे झाल्यावरच गोंद आणि स्क्रू. खिळा एकही नाही. साप फटीत डोकं घालून सतत दाब देतो, आणि खिळा हळूहळू सुटतो. स्क्रू सुटत नाही.

या सगळ्या कामाचा नियम एकच आहे आणि तो मी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलाय: जिथे डोकं जातं तिथे साप जातो. गेरूचं डोकं माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठं नाही.

७ जून, शनिवार

दारं. मूळ दारं वरपासून खालपर्यंत अखंड, म्हणजे एक उघडलं की दोन्ही मजले उघडे. एकाला खाऊ घालताना दुसरा बाहेर, असं चालणार नाही. दारं काढली, बिजागऱ्यांच्या खाचांत ओकचे तुकडे चिकटवून रंध्याने सपाट केले.

दारांचं लाकूड मात्र वाया घालवायचं नव्हतं. त्यांच्या उभ्या पट्ट्या अस्सल ओकच्या आहेत, २२ मिलिमीटर जाड. त्यातून प्रत्येक मजल्यासाठी दोन आडव्या पट्ट्या काढल्या. खालची १५ सेंटिमीटरची, कारण तळाला हाताएवढा भुसा घालायचा आहे आणि कॉर्न स्नेकला त्यात शिरून बसायला आवडतं. वरची ८ सेंटिमीटरची, तिच्यामागे दिव्याची नळी झाकली जाईल. कापण्याआधी रेषेवर कागदी टेप लावला, त्यावर धारदार सुरी फिरवली आणि मग करवत. पापुद्रा असलेल्या बाजूंवर हे केलं नाही तर कड फुटून दात पडल्यासारखी दिसते.

सांध्यांना आण्णांच्याच पटाशीने खाचा मारल्या. वीस मिलिमीटरची, शिसवी मुठीची. इथे विकत घेतलेल्या पटाश्यांपेक्षा तिची धार जास्त टिकते.

१४ जून, शनिवार

हवेची भोकं. थंड बाजूला खाली एक, उबदार बाजूला वर एक, दोन्ही मागच्या प्लायमध्ये. गरम हवा वर चढून बाहेर जाते, थंड हवा खालून आत येते, पंखा लागत नाही. जाळी ॲल्युमिनियमची, बारीक भोकांची, आतून स्क्रूने. आतून, म्हणजे ढकलून ती निघणार नाही.

२१ जून, शनिवार

आजचा दिवस उष्णतेचा. हीच नोंद सगळ्यांत मोठी होणार, कारण पाळीव सापांना होणाऱ्या इजांत भाजणं फार नेहमीचं आहे, आणि लाकडाच्या पेटीत हीटर म्हणजे आगीचाही प्रश्न.

सापाला पोळतंय ते वेळेवर उमगत नाही. अंग तापवायला म्हणून तो गरम पृष्ठभागाला चिकटून बसतो आणि कातडी भाजेपर्यंत तिथून हलत नाही. त्यामुळे ज्याला हात लावून आपण ‘हां, गरम आहे’ म्हणतो, तेवढं गरम काहीही त्याच्या पोहोचेत नको.

हीटर सिरॅमिकचा, १०० वॉटचा, प्रकाश न देणारा. चालू असताना त्याचा पृष्ठभाग २०० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो. होल्डर चिनीमातीचाच, प्लास्टिकचा वितळतो. तार उष्णतारोधक. होल्डर आणि छताचं लाकूड यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, तोही लाकडाला चिकटवून नव्हे, छोट्या पितळी नळकांड्यांवर उचलून, म्हणजे मागून हवा फिरेल. भोवती तारेचा पिंजरा, छताला स्क्रूने घट्ट, आणि पिंजऱ्यापासून हीटर सगळीकडून चार बोटं दूर. कॉर्न स्नेक झाडावर चढणारा साप आहे. जवळ फांदी असली तर तो पिंजऱ्याला विळखा घालून बसेल. म्हणून फांद्या सगळ्या मधल्या आणि थंड भागात, पिंजऱ्यापासून निदान ३० सेंटिमीटर लांब.

थर्मोस्टॅट पल्स पद्धतीचा: तो हीटरला छोट्या छोट्या हिश्श्यांत वीज देतो, त्यामुळे तापमान वर-खाली झोके घेत नाही. प्रत्येक मजल्याला स्वतंत्र. यातली खरी कळीची वस्तू आहे तापमापकाची तार, तिच्या टोकाचा बोंडासारखा सेन्सर. समजा सापाने तो ओढून थंड कोपऱ्यात किंवा पाण्याच्या भांड्यात नेला. थर्मोस्टॅटला वाटणार घर गार आहे, आणि तो हीटर पूर्ण ताकदीने चालूच ठेवणार. म्हणून सेन्सर मागच्या भिंतीवर, हीटरखाली ऊब घेत बसायला ठेवलेल्या दगडापेक्षा बोटभर वर, दोन धातूच्या क्लिपांत आवळलाय. तारही दर दहा सेंटिमीटरला क्लिपमध्ये. मी स्वतः बोटांनी हिसका देऊन पाहिला, हलत नाही.

प्लगमध्ये १३ अँपिअरचा फ्यूज होता, तो काढून ३ अँपिअरचा घातला. १०० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. मग तार तापेपर्यंत वाट बघणारा फ्यूज ठेवायचा कशाला. तारा मागच्या बारीक भोकांतून, रबरी कडीसकट, वरून सिलिकॉन. सगळं ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीवर, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर. जोडणी नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतली. खोलीत धुराचा अलार्म आधीपासून आहे, आज बटण दाबून पाहिला.

दोन्ही हीटर डाव्या बाजूलाच. खालच्याची ऊब वरच्या मजल्याच्या फळीत चढणारच. ती वरच्याच्या उबदार बाजूखाली चढली तर बिघडत नाही, उजवी बाजू दोन्हीकडे गार राहते. एक डावीकडे, एक उजवीकडे लावला असता, तर वरच्या सापाला गार होण्याची जागाच उरली नसती.

१ जुलै, मंगळवार

दक्षिण इंग्लंडात उष्णतेची लाट, पारा ३० च्या वर. हीटर बंद असूनही गॅरेजमधलं कपाट आतून तापलेलं. अशा हवेत चाचणीला अर्थ नाही. गेरू आणि राखी घराच्या खालच्या मजल्यावर उत्तरेकडच्या खोलीत, पडदे ओढलेले. थंडी साप काही काळ सोसतो. अति उष्णता काही तासांत मारते. नवं कपाटही याच खोलीत ठेवणार, दक्षिणेच्या खिडकीजवळ नाही.

१२ जुलै, शनिवार

कोरडी चाचणी. वॉर्निशच्या आधी, पुढची बाजू तात्पुरत्या प्लायने बंद करून. मधला मजला फक्त स्क्रूंवर, गोंद नाही, कारण हा मजला बदलावा लागेल अशी शंका पहिल्यापासून होती.

थर्मोस्टॅट ३१ अंशांवर. तीन तासांनी खालच्या मजल्यावर दगडावर ३१, थंड टोकाला २३. उत्तम. वरच्या मजल्यावर दगडावर ३१, पण थंड टोकाला २६. कॉर्न स्नेकला गार बाजूला २२ ते २४ लागतात. हे नको.

इन्फ्रारेड तापमापकाने फळी बोटभर बोटभर तपासत गेले. वरच्या मजल्याच्या तळाला डावीकडे ३४, मधे २९, उजवीकडे २६. म्हणजे ऊब फळीतून आडवी सरकतेय, खालच्या घराचं छत आणि वरच्या घराचा तळ एकच असल्यामुळे.

उपाय: दोन थर. खालच्या घराला बारा मिलिमीटर प्लायचं स्वतंत्र छत, त्याच्यावर २५ मिलिमीटरची मोकळी पोकळी, मग वरच्या घराचा तळ. पोकळी मागच्या बाजूने गॅरेजच्या हवेला उघडी, तोंडाला जाळी, म्हणजे अडकलेली ऊब मागून निघून जाईल. हीटर आणि पत्रा आता या नव्या छताला. खालच्या घराची उंची चार सेंटिमीटर गेली, ते परवडतं.

रात्री पुन्हा चालवलं. वरचं थंड टोक: २४.

माझ्या मते दोन मजली सापघर करणाऱ्या प्रत्येकाने ही पोकळी ठेवावी. दुकानात रचून ठेवता येतात अशा लाकडी पेट्या असतात, पण त्यांत दोन पेट्यांच्या मधे आपोआप थोडी जागा राहते. एकाच कपाटात ती आपल्याला करावी लागते.

२० जुलै, रविवार

सगळी वीज उतरवली. आतून पॉलिशपेपर, आधी १२० नंबरचा, मग २४०. ओल्या फडक्याने धूळ पुसली. पाण्याचं पॉलियुरेथेन वॉर्निश, लहान मुलांच्या खेळण्यांसाठी जे ईएन ७१-३ मानक आहे ते पाळणारं. हात पातळ, प्रत्येक हातानंतर हलकासा पेपर. कोपऱ्यांत आणि तळाच्या कडांना जास्त, कारण पाणी सांडणार, विष्ठा पडणार, आणि ओल मुरली की प्लाय सुटतो.

आतल्या प्रत्येक सांध्यात मत्स्यालयाचं सिलिकॉन, बुरशीनाशक न मिसळलेलं. स्नानघरात वापरायच्या नळ्यांत बुरशीनाशक असतं, ती बाजूला ठेवली. सिलिकॉन बोटाने ओढून सांधा गोल केला, म्हणजे घाण अडकायला कोपराच उरत नाही. व्हिनेगरचा उग्र वास सुटलाय. तो पूर्ण जाईपर्यंत आणि वॉर्निश पक्कं होईपर्यंत थांबायचं. डब्यावर ‘दोन तासांत सुकतं’ लिहिलेलं असतं, ते हात लावण्यापुरतं. बंद पेटीत राहणाऱ्या प्राण्यासाठी मी आठवड्यांचा हिशेब धरते.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

आज करवत, पटाशी, ड्रिल कशालाही हात नाही. चिरायचं नाही, कापायचं नाही, तव्यावर भाजायचं नाही, जमीन खणायची नाही, हे घरात लहानपणापासून पाळलेलं. पुरणाची दिंडं उकडली.

आण्णांचा फोन आला. शिराळा त्यांच्या गावाजवळच. जिवंत नागांच्या मिरवणुकीला उच्च न्यायालयाने बंदी केली, तेव्हा तिथल्या बऱ्याच जणांना ते जिवावर आलं होतं. आण्णा तेव्हाही म्हणत होते की नागाला गाडग्यात कोंडून दूध पाजणं ही पूजा नव्हे. साप दूध पीत नाही. आज त्यांनी विचारलं, “तुझ्या कपाटात त्याला पाणी कुठं ठेवणार?”

पाण्याचं भांडं थंड बाजूला, जड चिनीमातीचं, साप त्यात पूर्ण बुडून बसेल एवढं मोठं. गरम बाजूला ठेवलं तर वाफ धरून दमटपणा वाढतो, आणि कॉर्न स्नेकला साधारण ४० ते ६० टक्केच हवा. कात टाकायच्या दिवसांत मात्र एका डबीत ओलसर शेवाळ. हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग बरं हाय. घर हाय ते.”

९ ऑगस्ट, शनिवार

काचा आल्या. चार मिलिमीटरच्या, टफन केलेल्या, कडा घासून गोल केलेल्या. टफन काच नंतर कापता येत नाही, म्हणून मापं वॉर्निश सुकल्यावर, खाचपट्ट्या बसवल्यावर पुन्हा घेऊनच ऑर्डर दिली होती. प्रत्येक मजल्याला दोन पल्ले, रुंदी ६१.५ सेंटिमीटर, मधे तीन सेंटिमीटर एकावर एक येतात.

वरची खाचपट्टी खोल, खालची उथळ. पल्ला आधी वरच्या खाचेत पूर्ण ढकलायचा, खालची कड पट्टीवर आणायची, मग अलगद खाली सोडायचा. निघतोही त्याच मार्गाने उलटा. सापाला काच उचलता येत नाही, पण कडेला नाक लावून ती सरकवता नक्की येते. दोन पल्ल्यांमधल्या फटीत पारदर्शक सिलिकॉनची पट्टी उभी लावली. कुलूप दातेरी पट्टीचं, सराफाच्या दुकानात काचेच्या शोकेसला असतं तसंच, प्रत्येक मजल्याला एक, किल्ल्या वेगळ्या. मुलीला सक्त सूचना: कुलूप लावल्याशिवाय खोलीतून बाहेर नाही, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला हात नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

कपाट खोलीत आणलं. काचांसकट ते खूप जड आहे आणि वजन पुढच्या बाजूला, म्हणून वरून दोन लोखंडी कोनांनी विटांच्या भिंतीला जखडलं. वॉशिंग मशीनची भिंत टाळली. साप आवाजापेक्षा जमिनीतला हादरा जास्त ओळखतो.

वीज परत जोडली. दिव्याची कमी तीव्रतेची यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांची नळी, जाळीमागे, बारा तासांच्या टायमरवर. तळाला ॲस्पेनचा भुसा. पाइन आणि देवदाराचा नाही. प्रत्येक मजल्यावर दोन दडायच्या जागा, एक गरम, एक गार, जुन्या फळ्यांपासून केलेल्या. दडायची जागा एकाच बाजूला असली तर सापाला ऊब हवी की आडोसा, यातलं एकच निवडावं लागतं. तोंड अरुंद ठेवलं, पाठ छताला लागेल एवढी कमी उंची. मोकळ्या प्रशस्त गुहेत साप बसत नाही. अंगाला सगळीकडून स्पर्श हवा.

रिकामं चालवून नोंदी घेतेय. सकाळ, दुपार, रात्र. दगडावर ३१, खालचं थंड टोक २२.५, वरचं २३.५. पिंजऱ्याची बाहेरची तार पंधरा मिनिटं मोजत राहिले, हात ठेवता येतो. छताचं लाकूड पत्र्याच्या मागे ३८, ते ठीक. रात्री दोन्ही बाजू चार-पाच अंशांनी उतरतात, तेही हवंच.

काच उघडून आत डोकं घातलं आणि डोळे मिटून वास घेतला. फक्त ॲस्पेनचा.

२३ ऑगस्ट, शनिवार

गेरू आत गेला, खालच्या मजल्यावर. जुन्या टाकीतला मूठभर भुसा आणि त्याची जुनी दडायची डबी सोबत टाकली, ओळखीचा वास राहावा म्हणून. संध्याकाळी दिवा मालवल्यावर बाहेर आला. जीभ लपलप करत आधी चारी कोपरे, मग प्रत्येक सांधा, खाचपट्टीची पूर्ण लांबी, कुलपाची जागा. जिथे जिथे मी सिलिकॉन ओढलं होतं तिथे तिथे त्याने नाक लावून पाहिलं. मग फांदीवर चढला आणि तिथून पिंजऱ्याकडे मान लांबवली; अंतर पुरलं नाही, परत फिरला. थोड्या वेळाने मागच्या भिंतीच्या कडेने सरळ ताणून पडला. शेपटीच्या टोकापुढे अजून जागा शिल्लक होती.

पाच-सहा दिवस हात लावायचा नाही. त्यानंतर एक उंदीर, फ्रीझरमधला, बर्फ पूर्ण उतरवलेला. नीट खाल्ला, पचवला, की मग राखी वरच्या मजल्यावर. तिची कात जवळ आली आहे, डोळे निळसर झालेत, त्यामुळे तिला आत्ता हलवत नाही.

बाकी राहिलेलं: खालच्या ड्रॉवरमध्ये थर्मोस्टॅटच्या डब्या आहेत, त्याच्या पाठीला हवेची दोन भोकं पाडायची. काचेला बोटं लावायला चिकटवायच्या मुठी. आणि ऑक्टोबरच्या शेवटी इथली घड्याळं एक तास मागे गेली, खोली गार व्हायला लागली, की दोन्ही मजल्यांची तापमानं सगळीकडे पुन्हा मोजायची.